पुण्याच्या नेहाने आत्ताच सुकेळी घेतली

“काहीतरी हलतंय, लुकलुकतंय, एवढं दिसलं की झालं. बाईला बाकी काय कळणार आहे?”

हे आमचे सर काचेच्या पार्टिशनमागे तेजसला म्हणाले. तेजस आमचा सीनियर डिझायनर. ते पार्टिशन छतापर्यंत पोचत नव्हतं, त्यामुळे आत बोललेला शब्द न् शब्द बाहेर ऐकू यायचा. ऑफिसात हे फक्त सरांना माहीत नव्हतं. बाहेर मी बसले होते, कानाला हेडफोन लावून. हेडफोनमध्ये काही वाजत नव्हतं. ते मी लावते कोणी माझ्याशी बोलायला येऊ नये म्हणून. आणि माझ्या समोरच्या खुर्चीत, मांडीवर कापडी पिशवी घेऊन, ती ‘बाई’ बसली होती. तिनेही ऐकलं असणार. तिने पिशवीचे बंद सोडले आणि पुन्हा बांधले.

या अंकात कामाचे अनुभव सहसा निवृत्त माणसं लिहितात. मी निवृत्त नाही. ज्या ऑफिसबद्दल लिहिते आहे तिथे मात्र आता नाही. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. चार माणसांत बोलायची वेळ आली की मी आधी वाक्य मनात जुळवते, आणि ते जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. त्यामुळे ऑफिसात माझी ओळख ‘ती बोलत नाही, पण काम करते’ अशी होती. राग मात्र मला मराठीतच येतो, हे हा लेख लिहायला बसल्यावर कळलं.

आधी कामाबद्दल. आम्ही वसई-विरारमधल्या लहान धंदेवाल्यांना ऑनलाइन दुकानं करून द्यायचो. दुकान म्हणजे वेबसाइट. ती कोणी कोऱ्या कागदावर आखत बसत नाही. तिचे तयार साचे मिळतात, त्यांना टेम्प्लेट म्हणतात. लग्नाच्या हॉलसारखं समजा. स्टेज तेच, लाल खुर्च्या त्याच, दारातली थर्माकोलची अक्षरं तेवढी बदलतात. आज ज्या पानावर आकाशकंदील विकले जातात, त्याच पानावर उद्या गुडघेदुखीचं तेल असतं. यात फसवाफसवी काही नाही. हॉल भाड्याने घेणं हा गुन्हा नव्हे.

घोळ होतो तो निवडताना. टेम्प्लेट दाखवायला एक डेमो असतो, म्हणजे नमुन्याचं दुकान. त्यात परदेशातली एक बारीक मुलगी खिडकीपाशी बसून कॉफी पीत असते. मागे पांढरी भिंत, बाजूला एकच हिरवं पान. माणसं ते बघून हरखतात आणि ‘हेच द्या’ म्हणतात. त्यांना वाटतं ती खिडकीही आपल्याला मिळणार. मग ते स्वतःच्या मालाचे फोटो पाठवतात. फरशीवर ठेवलेला लोणच्याचा डबा, वर ट्यूबलाइटची चमक आणि कोपऱ्यात कोणाच्या तरी पायाचा अंगठा. तो फोटो त्या खिडकीच्या जागी बसवला की सगळं दुकान गरीब दिसायला लागतं. आणि मग दुकानवाला आपल्याच लोणच्यावर नाराज होतो, टेम्प्लेटवर नाही. मला याची चीड येते. लोणचं चांगलं असतं.

सातिवलीचे एक स्टीलच्या मांडण्या करणारे गृहस्थ आले होते. त्यांनी दागिन्यांच्या दुकानाचं टेम्प्लेट पसंत केलं, कारण त्यात मखमल होती. मी दबकत म्हटलं की यात एका वस्तूला एकच फोटो बसतो, तुम्हाला मापं दाखवायची आहेत. ते म्हणाले, “मॅडम, माप फोनवर सांगू. आधी रॉयल दिसू दे.” आजही त्यांच्या मांडण्या काळ्या मखमलीवर हिऱ्यासारख्या फिरतात.

अर्नाळ्याच्या एक मावशी सोडे, बोंबील अशा सुक्या मासळीसाठी आल्या होत्या, लेकाने पाठवल्या म्हणून. त्यांनी तेजसने दाखवलेले तीनही डेमो बघून घेतले आणि विचारलं, “यात गिऱ्हाईक सोड्याला हात कुठं लावनार?”

तेजस म्हणाला, “हात नाही लावत मावशी, फोटो बघतात.”

“मंग भाव कोन करनार?”

“भाव फिक्स असतो.”

“म्हंजे भांडन नाय?” मावशी पदर खोचत उठल्या. “मंग मी दिवसभर करू काय?” दारातून परत वळून माझ्याकडे बघत त्या म्हणाल्या, “ही पोरगी बोलत नाय, हिला बसवा तुमच्या दुकानात.” मला त्यांचा राग आला नाही.

आता पिशवीवाल्या बाईंकडे येते. त्यांचं नाव कुसुमकाकू. गिरीजच्या. घरची वाडी, केळी, नारळ, थोडी भाजी, आणि वाडीच्या कडेने जपलेली राजेळी केळी. ही राजेळी आता फार कोणी लावत नाही. घड उशिरा येतो, वाऱ्याला झाड लवकर पडतं. पण सुकेळी होतात ती तिचीच. ज्यांनी खाल्ली नसतील त्यांच्यासाठी सांगते. पिकलेलं राजेळी केळं सोलून मांडवावर उन्हात घालायचं, संध्याकाळी गोळा करून केळीच्या वाळक्या पानांत गुंडाळायचं, सकाळी पुन्हा उन्हात. असं होता होता ते आकसतं, मधासारखं तपकिरी होतं आणि स्वतःच्या साखरेनेच चिकट होतं. वर काही घालत नाहीत. पावसाळी हवा लागली की ती ओलावा धरतात, म्हणून माल त्याआधी संपावा लागतो. काकूंचा सगळा माल दर वर्षी आगाशीचा एक दुकानदार घेऊन जायचा. त्यांच्या सासूच्या वेळेपासून.

पहिल्याच भेटीत काकूंनी माझ्याकडे रोखून बघितलं. “तू भुईगावची ना गं बाय? तुझी आत्या आमच्या गावात दिलीय.” मी मान हलवली. एवढ्यावर मी त्यांच्या घरातली झाले. पुढे फोन आला की त्या सरांना नाही, ‘आत्याच्या भाचीला’ मागायच्या.

मी त्यांच्यासाठी एक टेम्प्लेट शोधून ठेवलं होतं. साधं, मोठ्या फोटोचं. त्यात मला आवडलेली एक सोय होती. माल संपला की पानावर ‘आता पुढच्या हंगामात’ असं लिहून येई आणि पुढच्या वेळी कळवा म्हणून लोकांना आपला नंबर ठेवता येई. सुकेळ्यांसारख्या वस्तूला याहून वेगळं काय हवं? फोटोही मी स्वतः गिरीजला जाऊन काढला होता. मांडवावर ओळीत पसरलेली सुकेळी आणि त्यांच्यावर सकाळचं तिरपं ऊन.

सर म्हणाले, “मेल्यासारखं दिसतंय. दुकान आहे की श्रद्धांजली?”

आणि त्यांनी आपलं लाडकं टेम्प्लेट काढलं. ते आम्ही निम्म्या गावाला विकलं होतं, कारण ते एकदा विकत घेतलेलं होतं आणि सगळ्यांना वापरता येत होतं. त्यात वर धावती पट्टी, मध्ये उलटं पळणारं घड्याळ, आणि खाली डाव्या कोपऱ्यात थोड्या थोड्या वेळाने वर सरकणारी एक पांढरी चौकट. ‘अमक्या गावच्या अमक्याने आत्ताच ही वस्तू घेतली.’ तीच ती हलती, लुकलुकती गोष्ट.

ही चौकट कशी चालते ते सांगते, कारण तुम्हीही रोज बघत असाल. कोणी काही घेतलेलं नसतं. आत नावांची आणि गावांची एक ओळ भरून ठेवलेली असते. पान उघडलं की कॉम्प्युटर त्यातलं एखादं नाव उचलतो आणि दाखवतो. रिकाम्या हॉटेलात मालकाने आपलेच भाऊबंद टेबलांवर बसवून ठेवावेत, तसं. डेमोत ती नावं परदेशी होती. सरांना ‘लोकल टच’ हवा होता. तेजस खाली गेला आणि लिफ्टजवळच्या बिल्डिंगच्या पाटीचा मोबाइलवर फोटो काढून आला. त्या पाटीवर घरातल्या सगळ्यांची नावं लिहायची सोसायटीच्या सेक्रेटरींना हौस. त्यातली निवडक नावं घेऊन तेजसने प्रत्येकाला एकेक गाव वाटलं. दुसऱ्या मजल्यावरची नेहा, जी रोज जिमची बॅग घेऊन माझ्याबरोबर लिफ्टमध्ये असते, ती पुण्याची झाली. तळमजल्यावरचे दाताचे डॉक्टर नाशिकला गेले.

काकूंना दाखवायला बोलावलं तेव्हा त्या धावत्या पट्टीकडे बघत होत्या. मग कोपऱ्यातली चौकट वर आली. त्यांनी बोट दाखवलं. “हे काय येतं खाली?”

“ऑर्डर आली की असं दिसतं,” सर म्हणाले.

तेवढंच. त्यांनी एका शब्दानेही पुढे काही सांगितलं नाही. आणि काकू हसल्या. त्यांच्या पुढ्यात कुठली तरी नेहा पुण्याहून येऊन सुकेळी घेऊन गेली होती.

मी त्याच मिनिटाला सरांना ऑफिसच्या चॅटवर लिहिलं की ही नावं खरी नाहीत हे काकूंना सांगायला हवं, त्यांचा गैरसमज होतो आहे. सरांनी उत्तरादाखल अंगठा पाठवला. मी पुन्हा लिहिलं. तेव्हा ते जाता जाता माझ्या टेबलाशी थांबले. “सगळेच करतात. गिऱ्हाईकाला गर्दी दिसली की गिऱ्हाईक येतं. तू कॉन्व्हेंटची, तुला प्रत्येक गोष्टीत कन्फेशन लागतं.” तेजस हसला. मी वाक्य जुळवत होते. ते जुळलं तेव्हा दोघंही चहाला गेले होते.

ऑर्डरी आमच्याकडे येणार आणि पत्ते आम्ही काकूंना कळवणार, असं ठरलं होतं. खरी ऑर्डर आली ती एकच, काकूंच्या भाचीची, ठाण्याहून. तिचा पत्ता मी कळवला. काकूंचे मात्र फोन सुरू झाले. आवाज उत्साहाने भरलेला. “मी पान उघडलं की लगेच कोणीतरी घेतंच बघ. काल दुपारी दोघांनी घेतली. माझा हातगुण चांगला आहे.”

पान त्या उघडायच्या तेव्हाच चौकट यायची, कारण ती पान उघडल्यावरच येते. मी म्हटलं, “काकू, ती चौकट नुसती...” आणि तेजसने माझ्या हातातून रिसीव्हर घेतला. “हां काकू, मस्त चाललंय. चालू ठेवा.” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “रिन्यूअल जवळ आलंय त्यांचं, पुढचे पैसे भरायचेत. तू नको बोलूस, तुला जमत नाही.”

यात मला सगळ्यात संताप कशाचा येतो सांगते. काकू भोळ्या होत्या म्हणून हे झालं, असं ऑफिसात नंतर म्हणायचे. भोळ्या कशाने? दुकानात जो समोर दिसतो तो गिऱ्हाईक, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. जो माल सांगून ठेवतो त्याच्यासाठी तो बाजूला काढायचा, ही त्यांची रीत. त्या रीतीला धरूनच वागल्या त्या. खोटं बोलायची सोय ज्याने विकली तो हुशार, आणि दिलेला शब्द पाळायला बसली ती भोळी?

काकूंनी काय केलं होतं ते आम्हाला पुढच्या फोनवर कळलं. तेजसने तो स्पीकरवर टाकला होता.

“नेहाचा पत्ता अजून आला नाही गं बाय. पुण्याच्या. तिची पुडी कधीपासून बांधून ठेवलीय. नाशिकच्या डॉक्टरांची पण. आणि आगाशीचे शेठ येऊन गेले, त्यांना यंदा नाही म्हटलं. सांगितलं, माल लोकांनी आधीच सांगून ठेवलाय.”

फोन ठेवल्यावर तेजस खुर्चीत मागे रेलून हसला. मग सरांकडे बघितलं आणि हसायचा थांबला. सरांनी गाडीची किल्ली उचलली. “चल,” ते मला म्हणाले. “तू त्यांच्यातली आहेस. तू फक्त बरोबर बस. बोलायचं मी बघतो.”

गाडीत ते मला समजावत होते की टेक्निकल प्रॉब्लेम सांगायचा, माणसं टेक्निकल म्हटलं की ऐकतात. मी खिडकीबाहेर बघत होते. गिरीजचा रस्ता दोन्ही बाजूंनी वाड्यांमधून जातो. विहिरीवरचा पंप चालू होता आणि पाटाने पाणी केळींत जात होतं. मला ते सगळं सरांच्या हातून वाचवावंसं वाटत होतं, आणि मी सरांच्याच गाडीत बसले होते.

काका ओटीवर बसून दोरी वळत होते. आम्हाला बघून त्यांनी आत हाक मारली, “अगं ये, वेबसाइटवाले आले. पुण्याची नेहा मागून येतेय का बघ.”

“तुम्ही गप्प बसा हो,” काकू आतून म्हणाल्या, पण हसत.

ओटीला लागून असलेल्या खोलीत, लाकडी फळीवर, पुड्या रचलेल्या होत्या. केळीच्या वाळक्या पानांत बांधलेल्या, वर पांढऱ्या कागदाची पट्टी, आणि पट्टीवर काळ्या मार्करने ठळक नाव. नेहा, पुणे. डॉक्टर, नाशिक. आदित्य, कोल्हापूर. मी लिफ्टजवळची पाटी वाचत होते. आमच्या बिल्डिंगमधली माणसं तिथे फळीवर शांतपणे वाट बघत बसली होती.

काकूंनी पाणी दिलं आणि बशीत सुकेळी ठेवली. सरांनी एक उचललं, पण खाल्लं नाही, हातात धरून ठेवलं.

“काकू, एक प्रॉब्लेम झालाय,” ते म्हणाले. “सर्व्हरचा. त्यात ऑर्डरी कॅन्सल झाल्या.”

“कुठल्या?”

“सगळ्याच.”

काकूंनी फळीकडे बघितलं. “सगळ्यांनी? एकदम?”

“म्हणजे, कस्टमरचं कसं असतं,” सर जरा सावरून बसले, “दुसरीकडे बरं मिळालं की तिकडे वळतात. आणि खरं सांगू का, आपल्या मालाचा रंग फोटोत जरा काळपट येतो. लोकांना पिवळं आवडतं. फोटो आपण पुन्हा काढू, एडिट करू. याच्याहून भारी टेम्प्लेट आहे माझ्याकडे, पुढच्या वर्षी ते टाकू.”

खोटं पकडलं जाऊ नये म्हणून हा माणूस दुसऱ्याच्या मालाला नाव ठेवत होता. ज्या फोटोबद्दल तो बोलत होता तो मी काढलेला, सकाळच्या उन्हातला, आणि त्यात काळपट काहीही नव्हतं.

काकांची दोरी थांबली. “मी म्हणत होतो, शेठना देऊन टाक,” ते म्हणाले. पण त्यात आता चेष्टा नव्हती. बायकोचा चेहरा बघून ते लगेच म्हणाले, “बघू, अजून कोणी घेईल.”

काकू उठल्या. फळीवरची एक पुडी त्यांनी खाली काढली. नेहाचीच होती. ती सोडली, त्यातलं एक सुकेळं घेतलं आणि दारातल्या उजेडात धरलं. या बाजूने, मग त्या बाजूने. नखाने जरा दाबून बघितलं. वास घेतला. इतक्या वर्षांत त्यांना तसं करायची गरज कधी पडली नसावी. आगाशीचा दुकानदार तर पुड्या न सोडताच घेऊन जायचा.

“काळी पडलीत का गं, बाय?” त्यांनी मला विचारलं. सरांना नाही.

“से येस,” सर माझ्याकडे न बघता, ओठ फारसे न हलवता म्हणाले. “आय विल हँडल द रेस्ट.” इंग्रजीत बोललं की ओटीवर भिंत उभी राहते अशी त्यांची समजूत होती. ऑफिसातल्या पार्टिशनसारखी.

मी अजून वाक्य जुळवत होते. काकूंनी माझ्या गप्प बसण्याचा त्यांना सुचला तो अर्थ घेतला. सुकेळं पुन्हा पानात ठेवलं, पण पुडी बांधली नाही.

“यंदा आभाळ होतं मध्ये,” त्या काकांना म्हणाल्या. “कमी वाळली असतील. आता माझ्या हातून होत नाही तसं. पुढल्या वर्षी राजेळी ठेवूच नका. काढून टाका, भाजी लावा तिथे.”

काकांनी दोरी खाली ठेवली. “बरं,” ते म्हणाले.

त्या ‘बरं’वर सर हलकेच उठायला लागले. काम झालं होतं त्यांचं. कोणी भांडलं नव्हतं, कोणी काही परत मागितलं नव्हतं. त्यांनी हातातलं सुकेळं बशीत परत ठेवलं आणि बोटं रुमालाला पुसली.

माझं वाक्य अजून जुळलं नव्हतं. मी ते तसंच बोलले.

“काकू, कोणी कॅन्सल केलं नाही, कारण कोणी ऑर्डर दिलीच नव्हती. ही नावं आमच्या ऑफिसच्या बिल्डिंगच्या पाटीवरची आहेत. नेहा दुसऱ्या मजल्यावर राहते, तिने तुमची सुकेळी बघितलेलीसुद्धा नाहीत. सरांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि आता ते पुन्हा खोटं बोलतायत. सुकेळी काळी नाहीत. काका, तुम्ही आज आगाशीला जा, मी येते तुमच्याबरोबर, शेठना काय झालं ते मी सांगते. राजेळी काढू नका.”